हप्त्यावर घेतलेली इज्जत

शहाद्याच्या आमच्या मोहल्ल्यात वाद घालायला विषय कधीच कमी पडले नाहीत. मसलकांचे जुने वाद आहेत, नगरपालिकेचे आहेत, ईदचा चाँद दिसला की नाही याचे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात नव्या वादाची भर पडली आहे. आयफोन की अ‍ॅन्ड्रॉइड? नववीतली मुलं मधल्या सुट्टीत यावर भांडतात. मेंदीच्या रात्री बायका यावर बोलतात. स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता शिक्षक मंडळी यावरून एकमेकांची खेचतात.

हे गमतीपुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण या वादात आता घरातला पैसा जातोय, ज्यांनी आयुष्यभर सूद टाळला त्यांच्या दारात सूद येतोय, आणि मुलींच्या नात्याच्या बोलणीत फोनचं मॉडेल येतंय. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. आमच्यासारख्या पगारावर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरांनी अ‍ॅन्ड्रॉइड घ्यावा, तोही निवडून घ्यावा आणि रोखीने घ्यावा. जकात काढून, देणी फेडून ज्याच्याकडे पैसा उरतो त्याने आयफोन खुशाल घ्यावा, त्याच्याशी माझं भांडण नाही. हप्त्यावर आयफोन घेणं हा मूर्खपणा आहे. आणि जहेजमध्ये मागितलेला फोन, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, ती भीक आहे. राग आला असेल तर पुढचं वाचून मग रागवा.

आधी थोडी माहिती, कारण भांडणाऱ्या दहापैकी आठ जणांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे सांगता येत नाही. फोन उघडल्यावर आपल्याशी बोलणारा, अ‍ॅप चालवणारा, कॅमेरा आणि मेमरी सांभाळणारा जो मूळ प्रोग्राम असतो ती ऑपरेटिंग सिस्टीम. अ‍ॅपलने २००७ मध्ये आयफोन आणला. त्याची आयओएस फक्त अ‍ॅपलच्याच फोनवर चालते. गूगलने २००५ मध्ये अ‍ॅन्ड्रॉइड नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये पहिला अ‍ॅन्ड्रॉइड फोन बाजारात आला. अ‍ॅन्ड्रॉइडचा पाया खुला आहे, कोणतीही कंपनी तो घेऊन फोन बनवू शकते. म्हणून अ‍ॅन्ड्रॉइड सात-आठ हजारांतही मिळतो आणि दीड लाखातही. ‘अ‍ॅन्ड्रॉइड म्हणजे गरिबाचा फोन’ असं म्हणणाऱ्याने एकदा दुकानात जाऊन वरच्या फळीवरच्या किमती पाहाव्यात.

आता आमच्या तालुक्याबद्दल. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड जिथे दिलं गेलं ते टेंभली गाव आमच्याच शहादा तालुक्यातलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या दिवशी तिथे आले होते. त्या दिवसापासून सरकार आणि माणूस यांच्यामध्ये हळूहळू एक यंत्र येऊन बसलं. बँक खात्याला आधार, रेशनला आधार, पोरांच्या शिष्यवृत्तीला आधार, आणि त्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बायका ओटीपीची वाट बघत बसल्या होत्या, त्यात बुरखेवाल्या होत्या, नऊवारीवाल्या होत्या, सातपुड्यातून उतरलेल्या पावरा बायकाही होत्या. ज्या तालुक्यात हे सगळं सुरू झालं तिथे फोन हा घराचा दाखला आहे, त्याची निवड ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

फोन चुकीचा निवडला तर काय होतं हे महाराष्ट्राने एकदा पाहिलंय. सरकारने अंगणवाडी सेविकांना एक लाखाहून अधिक फोन वाटले. दोन जीबी रॅमचे ते फोन गरम व्हायचे, अडकायचे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी. त्यात पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. कुपोषणासाठी ज्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव घेतलं जातं तिथे बाळाचं वजन नोंदवायचं यंत्रच नीट चालत नसेल तर त्याची किंमत कोण मोजतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून ‘कोणताही स्वस्त अ‍ॅन्ड्रॉइड चालेल’ असं मी म्हणत नाही. सगळ्यात स्वस्त फोन बऱ्याचदा सगळ्यात महाग पडतो.

मग निवडायचा कसा? आमच्या तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे जाणकार माणूस आधी घोड्याचे दात पाहतो, पाय पाहतो, चाल पाहतो, आणि घरी त्याला चारा काय लागेल याचा हिशेब करतो. वरातीत नाचवायचा घोडा वेगळा, रोज राबवायचा वेगळा, हे तिथल्या पोरालाही कळतं. बी.एड.ला शैक्षणिक साधनांवरच्या प्रकरणातही हेच शिकवतात. साधन कामाचं असावं, हाताळायला सोपं असावं, टिकाऊ असावं आणि खिशाला परवडावं. तक्ता असो, पृथ्वीचा गोल असो की मोबाईल, कसोट्या याच चार. त्याच लावून बघू.

पहिली कसोटी, काम. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, दीक्षा, बँकेचं अ‍ॅप, नमाजच्या वेळा, यूट्यूब. यातलं सगळं दोन्हीकडे सारखंच चालतं. पंचाहत्तर-ऐंशी हजारांचा फोन घेऊन जे काम करायचं तेच काम पंधरा-अठरा हजारांच्या फोनवर होत असेल तर वरचे साठ हजार कशाचे? कॅमेऱ्याचे, असं उत्तर येतं. मान्य. आयफोनचा कॅमेरा चांगलाच आहे, व्हिडिओला तर फारच चांगला. लग्नाचं शूटिंग करून पोट भरणाऱ्या मुलाने तो घेतला तर ते त्याचं हत्यार आहे, त्याची कमाई त्यातून निघेल. बाकीच्यांनी वर्षभरातले आपले फोटो मोजावेत आणि साठ हजारांना त्या संख्येने भागावं.

दुसरी कसोटी, हाताळणी. इथे मी शिक्षिका म्हणून बोलते. माझ्या वर्गातल्या पालकांच्या हातात अ‍ॅन्ड्रॉइड आहे. एखादी अम्मी विचारते, ‘बाजी, ये सेटिंग किधर है?’ तेव्हा माझ्या हातातही तसाच फोन असेल तर मी तिला दाखवू शकते. स्वाध्यायाची फाईल एका फोनवरून दुसऱ्यावर नेट नसताना पाठवायची तर अ‍ॅन्ड्रॉइडकडून अ‍ॅन्ड्रॉइडकडे ती सहज जाते. आयफोनचं एअरड्रॉप मुख्यतः अ‍ॅपलच्याच उपकरणांशी बोलतं, आमच्या पालकांच्या फोनची त्याला ओळख नाही. बऱ्याच अ‍ॅन्ड्रॉइडमध्ये मेमरी कार्ड टाकता येतं, आयफोनमध्ये ते कधीच टाकता आलं नाही. ज्या वस्तीत आपण राहतो तिच्याशी जुळणारा फोन घेणं यात कमीपणा नाही. मदत करण्यासाठी हात सारख्या उंचीवर लागतात.

तिसरी कसोटी, टिकाऊपणा. इथे आयफोनवाल्यांचं म्हणणं वजनदार आहे आणि ते मान्य करायला हवं. अ‍ॅपल आपल्या जुन्या फोनना वर्षानुवर्षं नवी आवृत्ती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवतं. २०१८ चा आयफोन एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत चालत आला. स्वस्त अ‍ॅन्ड्रॉइड कंपन्या मात्र फोन विकतात आणि दोन-तीन वर्षांत हात झटकतात. पण चित्र बदललं आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ सोबत आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ सोबत सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. त्याच वर्षी सॅमसंगने ए१६ या मधल्या फोनला सहा वर्षांचा शब्द दिला, आणि तो फोन वीस हजारांच्या आत आला. मी कोणाची जाहिरात करत नाही. दुकानात गेल्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी ‘याला किती वर्षं अपडेट मिळणार?’ हे विचारा, एवढंच माझं म्हणणं. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. तिथेही नसेल तर तो फोन ठेवून द्या.

टिकाऊपणात दुरुस्तीही येते. अ‍ॅन्ड्रॉइडची स्क्रीन फुटली तर शहाद्यातला कारागीर संध्याकाळपर्यंत बसवून देतो. अलीकडच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी किंवा स्क्रीन बसवली की फोन स्वतःच ‘अनोळखी भाग’ असल्याची तक्रार दाखवत राहतो. मग मालक त्या संदेशाकडे बघत राहतो आणि मोठ्या शहराची बस पकडायची की नाही याचा विचार करतो. आणि जी मुलं चौथ्या हाताचा जुना आयफोन घेतात, त्यांना एक आठवण. मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपने आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लसवर काम करणं बंद केलं. मागचं सफरचंद चमकतं, पण अब्बूंचा मेसेज येत नाही, अशी अवस्था.

चौथी कसोटी, पैसा. ती मोठी आहे. पण तिच्याआधी आयफोनच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मांडते. तो आयफोनवाल्यांना बहुधा माहीतही नाही, कारण तो उर्दू शिकवणाऱ्यालाच टोचतो.

आम्ही मुलांना उर्दू नस्तालीकमध्ये शिकवतो. बालभारतीची उर्दू पुस्तकं नस्तालीकमध्ये आहेत. त्यात अक्षरं सपाट रेषेवर बसत नाहीत, तिरकी उतरत येतात आणि शब्द झुंबरासारखा लोंबतो. बहुतेक फोन मात्र उर्दू नस्खमध्ये दाखवतात, म्हणजे अरबी छापाच्या सरळ अक्षरांत. ज्यांना उर्दू येत नाही त्यांनी असं समजावं की पुस्तकात मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ शिकायचा आणि फोनवर आयुष्यभर हिंदी वळणाचा वाचायचा. आपल्या शासनाने २००९ मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढून त्या दोन अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलं, म्हणजे हे दुखणं मराठीलाही आहेच. उर्दूचं जास्त खोल आहे. चौथीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि तीच ओळ फोनवर आली की अडखळतं. मग ते उर्दू रोमनमध्ये लिहायला लागतं, आणि दहावीपर्यंत त्याला आपल्याच नानीचं पत्र वाचता येत नाही.

नस्तालीक यंत्रात बसवणं सोपं नव्हतं. शब्दागणिक अक्षराचा आकार आणि उंची बदलते. १९८१ पर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहून काढत. त्या वर्षी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती स्वतः लिहून तयार केलेलं नूरी नस्तालीक आलं आणि पाकिस्तानातल्या ‘जंग’ने ते वापरलं. फोनवर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काम करणारे डिझायनर मुदस्सिर अझीमी यांनी अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर पत्र लिहून नस्तालीक मागितलं. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये अ‍ॅपलने ते दिलं. फोनची भाषा उर्दू केली की आयफोन उर्दूला तिच्या स्वतःच्या पोशाखात दाखवतो. माझ्या ओळखीतले अ‍ॅन्ड्रॉइड फोन आजही तेवढं करत नाहीत.

मग मी आयफोन घ्या असं का म्हणत नाही? दोन कारणं. एक, अ‍ॅपलने जो फॉन्ट दिला त्याचं नाव नोटो नस्तालीक उर्दू, आणि तो बनवून घेतला आहे गूगलने. २०१४ मध्ये गूगलने तो सगळ्यांसाठी फुकट आणि खुला केला. म्हणजे आयफोनमधली उर्दू अक्षरं गूगलची आहेत, आणि अ‍ॅन्ड्रॉइड विकणाऱ्या कंपन्यांना तीच अक्षरं फुकट मिळत असून त्या देत नाहीत. यावर उपाय ऐंशी हजार खर्चणं हा नाही. अझीमींनी केलं ते, म्हणजे मागणी करणं, हा आहे. उर्दू बोलणारे कोट्यवधी लोक अ‍ॅन्ड्रॉइड विकत घेतात आणि एकही तक्रार करत नाहीत. आपण शायरीच्या मैफलीत उर्दूसाठी आसवं गाळतो, कंपनीला दोन ओळींचा ईमेल लिहीत नाही.

दुसरं कारण जास्त साधं आहे. पीडीएफमध्ये अक्षरं आतच बसवलेली असतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, आणि ती आठ हजारांच्या फोनवरही नस्तालीकमध्येच उघडतात. ज्या संकेतस्थळांनी फॉन्ट सोबत पाठवायची सोय केली आहे तीही तशीच दिसतात. मुलाला रोज वीस मिनिटं त्या पीडीएफमधून वाचायला बसवलं तर त्याची लिपी वाचेल. ती वीस मिनिटं कोणता फोन देणार? ती अम्मी-अब्बूंनाच द्यावी लागतात.

आता पैसा. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ भारतात ८२,९०० रुपयांना आला. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला २०२३ च्या वाढीनंतर महिना १६,००० रुपये मानधन मिळतं. पाच महिने त्याने चहाही प्यायचा नाही, तरी वर २,९०० कमी पडतात. लाडकी बहीणचे १,५०० रुपये महिन्याला धरले तर पंचावन्न महिने, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त. रोखीने तो फोन घेणारे आमच्या मोहल्ल्यात बोटावर मोजण्याइतके. मग बाकीच्या हातांत तो आला कुठून? हप्त्यातून.

इथे ‘नो कॉस्ट ईएमआय’ नावाचा जादूचा प्रयोग होतो. मी मुफ्ती नाही, हलाल-हराम तुमच्या आलिमांना विचारा. मी फक्त गणित सांगते. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नसतो. पैसा उसना देणारी संस्था व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढीच रक्कम सूट म्हणून कमी दाखवते. समजा ५०,००० चा फोन आहे आणि वर्षाचं व्याज ३,७०० होतं. तुमच्या नावावर ४६,३०० चं कर्ज लिहिलं जातं, व्याजासकट तुम्ही ५०,००० फेडता, आणि तुम्हाला वाटतं व्याज दिलंच नाही. हप्ता क्रेडिट कार्डावरचा असेल तर वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६६६ रुपये, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेणाऱ्याला ती ३,७०० ची सूट बऱ्याचदा मागितली तर मिळू शकते, पण मागतो कोण? बँकेत एफडी ठेवायला सूद म्हणून नकार देणारे आमचे बुजुर्ग नातवाच्या फोनच्या कागदावर जामीन म्हणून सही करतात, आणि त्या कागदावर व्याजाचा दर स्वच्छ छापलेला असतो. वाचला तर दिसतो.

आणि हप्ता चुकला की काय होतं? मुलाचं क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं. पुढे त्याला रिक्षा घ्यायची असेल, दुकान टाकायचं असेल, तर तोच डाग आडवा येतो. कमाईची गाडी अडते, मिरवायची वस्तू खिशात असते.

यावर मुलं सांगतात, ‘बाजी, आयफोन हातात असला की लोक इज्जत देतात.’ हे म्हणणं मी हसून सोडत नाही. मुसलमान पोराला भाड्याची खोली मागताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, परक्या शहरात चौकीवर उभं राहताना जे सोसावं लागतं ते मला माहीत आहे. चांगला फोन हातात असला की समोरचा जरा नीट बोलेल ही आशा कुठून येते ते मला कळतं. पण पोरांनो, जी इज्जत चोवीस हप्त्यांवर मिळते ती पंचविसाव्या महिन्यात जुनी होते, कारण तोवर नवीन मॉडेल आलेलं असतं. ज्या ऐंशी हजारांत आयटीआयचा कोर्स, एखादी भाषा, टॅली आणि एक चांगला जुना लॅपटॉप येतो, ते ऐंशी हजार तुम्ही दुसऱ्याच्या नजरेवर खर्च करता. त्या नजरेला तुमचं नाव कळलं की ती फोन विसरते.

आता जहेज. आमच्यात मेहर नवऱ्याने द्यायचा असतो. मुलीच्या बापाने द्यायची यादी ही आमची नव्हती, ती आम्ही उचलली आणि वाढवली. आधी सायकल होती, मग मोटारसायकल आली, आता यादीत आयफोन आहे, आणि बरोबर मॉडेलचा आकडा. ‘लडके की बस इतनी सी ख्वाहिश है’ असं म्हणून तो मागितला जातो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मेहरला हुंड्यातून वगळलं आहे, लग्नासाठी मागितलेल्या फोनला वगळलेलं नाही. तो मागणाराही गुन्हेगार आणि देणाराही. ज्या बापाने केळीच्या बागेत मजुरी करून मुलीला बारावीपर्यंत शिकवलं, त्याच्याकडून ८२,९०० चा फोन घेऊन त्यावर निकाहचे फोटो काढणाऱ्या नवऱ्या मुलाला मी काय म्हणावं? त्याने तो फोन रोज खिशातून काढताना सासऱ्याच्या हातावरचे घट्टे आठवावेत. निकाह पढवायला येणाऱ्या इमामसाहेबांना आणि जमातीच्या जिम्मेदारांना माझी विनंती आहे. यादीत फोन असेल तर तिथेच विचारा, मेहर किती ठरला आहे? मेहरची रक्कम फोनच्या किमतीपेक्षा कमी निघाली तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

आता थोडं या कंपन्यांबद्दल, कारण आपली पोरं त्यांच्यासाठी अशी भांडतात जणू त्या मामाच्या आहेत. अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलं सर्च ठेवावं म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले. रुपयांत दीड लाख कोटींहून जास्त. आयफोनच्या अनेक मॉडेलच्या स्क्रीन सॅमसंग बनवतं. वर ते भागीदार आहेत, खाली आपण फिरके पाडून बसलोय. संतही कोणी नाही. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले आयफोन ते मुद्दाम हळू करत होतं. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅन्ड्रॉइडच्या जोरावर केलेल्या दादागिरीसाठी गूगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड ठोठावला.

‘पण आयफोन सुरक्षित आहे,’ हा शेवटचा बाण. अर्धा खरा आहे. २०२१ पासून आयफोनवर कोणत्याही अ‍ॅपला तुमचा माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते, हे चांगलं पाऊल होतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून जी एपीके फाईल येते आणि खातं रिकामं करते, ती आयफोनवर चालत नाही. अ‍ॅन्ड्रॉइडवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, शेवटी एपीके लिहिलेली फाईल कोणीही पाठवली, सख्ख्या भावाने पाठवली, तरी उघडायची नाही. पण सुरक्षितता फक्त फोनच्या जातीवर अवलंबून नसते. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली की मुस्लिम प्रो या नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून लोक कुठे आहेत याची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेच्या लष्कराचे ठेकेदार होते. बातमीनंतर अ‍ॅपने ते नातं तोडलं, आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनी अ‍ॅपवाल्यांना एक्स-मोडचा कोड काढायला सांगितलं. दोघांनाही, बातमी आल्यावर. फजरची वेळ बघायला लोकेशन चोवीस तास चालू ठेवायची गरज नसते. गावाचं नाव एकदा टाकलं तरी काम होतं. ती परवानगी आज रात्रीच बंद करा, फोन कोणताही असो.

थोडक्यात, फोन घ्यायला निघाल तेव्हा हे करा. आधी ठरवा की त्यावर काय काम करायचं आहे. महिन्याच्या कमाईपेक्षा महाग फोन घेऊ नका, आणि पैसे साठेपर्यंत जुना वापरा. किमान चार वर्षांच्या अपडेटचा लेखी शब्द असलेलाच घ्या. रॅम सहा जीबीपेक्षा कमी नको. बॅटरी आणि स्क्रीन शहाद्यात बदलून मिळते का, हे फोन घेण्याआधी कारागिराला विचारा, दुकानदाराला नाही. हप्त्याचा कागद कोणी पुढे केला तर त्यावरचा व्याजाचा रकाना मोठ्याने वाचायला सांगा. आणि घरात उर्दू असेल तर तुमच्या फोनच्या कंपनीला एक ईमेल लिहा की आम्हाला नस्तालीक हवं. मजकूर लिहायला जमत नसेल तर मला कळवा, मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत मी लिहून देईन.

ज्यांच्याकडे पैसा आहे आणि जे आयफोन घेतील, त्यांनी एवढंच करावं. मोहल्ल्यातल्या हप्तेवाल्या पोरासमोर तो टेबलावर उताणा ठेवून बसू नये. त्याच्या डोळ्यांत जे येतं त्याची किंमत त्याची अम्मी कानातले गहाण ठेवून भरते.